सासऱ्यांच्या ट्रंकेतल्या ठेवपावत्या आणि उद्गम पोर्टल: बेवारस ठेवी शोधण्याचे अनुभव

रानजाई

नमस्कार मंडळी. हा धागा मुद्दाम काढतेय, कारण गेल्या काही महिन्यांत आम्ही ज्यातून गेलो ते आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मे हेलपाटे वाचले असते.

गेल्या पावसाळ्यात गावच्या घराचं छप्पर गळायला लागलं म्हणून माळ्यावरचं सगळं सामान खाली काढलं. त्यात सासऱ्यांची पत्र्याची ट्रंक होती. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. 2003 साली गेले. ट्रंकेत जुनी हजेरीपत्रकं, पेन्शनचे कागद, आणि अगदी तळाशी वर्तमानपत्राच्या घडीत मुदत ठेवीच्या 2 पावत्या. प्रत्येकी 10,000 रुपये, साल 1998, मुदत 3 वर्षं. मुदत कधी संपते ती तारीख त्यांनी पावतीच्या मागे लाल शाईने लिहून ठेवली होती. म्हणजे ते विसरले नव्हते. 2001 च्या सुरुवातीला त्यांना पक्षाघात झाला, वाचा गेली, आणि पावत्या कुठे आहेत हे कुणाला सांगता आलं नाही. नंतरची 2 वर्षं ते हाताने माळ्याकडे खुणा करायचे, असं सासूबाई सांगतात. आम्हाला वाटायचं, छप्पर शाकारायला सांगताहेत.

पावत्या घेऊन बँकेत गेलो. मूळ बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, गावातली शाखाही बंद. तालुक्याच्या शाखेत गेलो तर खिडकीवरच्या मुलाने पावती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "1998 चं आमच्या सिस्टिममध्ये काही नाही." बँकेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे त्याच शाखेने काम मनापासून करून दिलं.

मग भाच्याने रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलबद्दल सांगितलं. हे 17 ऑगस्ट 2023 ला सुरू झालं. दहा किंवा जास्त वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी अनेक बँकांमध्ये एकाच ठिकाणी शोधता येतात. आपला मोबाइल नंबर देऊन नोंदणी करायची, ओटीपी टाकायचा, मग खातेदाराचं नाव, बँक, आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, जन्मतारीख यांपैकी किमान एक गोष्ट भरायची. शोधायला एक पैसाही लागत नाही.

आमची गाडी इथेच अडली. सासऱ्यांकडे पॅन नव्हतं, पासपोर्ट नव्हता. राहिली जन्मतारीख. घरात सगळ्यांना माहीत असलेली तारीख कोजागरीच्या आसपासची. ती घालून 3 वेळा शोधलं, काही नाही. पांडुरंग, पांडुरंगराव, नुसती आद्याक्षरं, आडनाव आधी, आडनाव नंतर, सगळं करून पाहिलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे." त्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तरच 1 जून लिहून टाकत. ती तारीख आणि पावतीवर होती तशी आद्याक्षरं भरली, आणि पानावर एक ओळ आली. खाते क्रमांक नाही, रक्कम नाही, फक्त यूडीआरएन नावाचा एक लांबलचक संदर्भ क्रमांक. तो कागद छापून शाखेत नेला. त्याच खिडकीवर त्याच मुलाने तो पाहिला आणि आम्हाला आत साहेबांकडे नेऊन बसवलं.

बाकीचं खाली प्रतिसादांत लिहीन. तुमचे अनुभव, अडचणी सगळं लिहा. एकाच्या अनुभवातून दुसऱ्याचं काम होतं.

भिंगरी

रानजाई, माळ्याकडे खुणा करायचे हे वाचून पोटात कालवलं. धागा वाचनखुणांत ठेवला.

एक शंका. दहा वर्षांनी पैसे सरकारजमा होतात असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. माझ्या काकूने याच समजुतीने आत्याच्या खात्याचा नाद सोडला. मग नक्की खरं काय?

खतावणी

भिंगरी, काकूंना आजच फोन करा. पैसे गेलेले नाहीत.

मी 34 वर्षं बँकेत होतो, शेवटची 6 वर्षं शाखा सांभाळली. हा गैरसमज मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलाय की सविस्तरच लिहितो.

खात्यात 2 वर्षं खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. बँकेने व्याज जमा केलं किंवा शुल्क कापलं तर तो खातेदाराचा व्यवहार धरत नाहीत. अशी 10 वर्षं गेली, किंवा मुदत ठेव मुदत संपल्यापासून 10 वर्षं कुणी मागितली नाही, तर ती रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत पाठवते. लोक त्याला डीईए फंड म्हणतात. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 26 अ खाली 2014 साली तो उभा राहिला. मार्च 2024 अखेर त्यात 78,213 कोटी रुपये होते.

आता महत्त्वाचं. पैसा निधीत गेला तरी मालक तुम्हीच. मागणी करायला कोणतीही अंतिम मुदत नाही. मागणी रिझर्व्ह बँकेकडे नव्हे, आपल्याच बँकेकडे करायची. बँक तुम्हाला व्याजासह पैसे देते आणि मग ती निधीकडून परत मागून घेते. खातं व्याजाचं असेल तर निधीत असलेल्या काळाचंही व्याज मिळतं: 30 जून 2018 पर्यंत सरळव्याजाने 4 टक्के, तिथून 10 मे 2021 पर्यंत 3.5 टक्के, पुढे 3 टक्के. फार नाही, पण मुद्दल सुरक्षित राहतं.

आणखी एक. 1 एप्रिल 2024 पासून निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही, आणि खातं पुन्हा चालू करायला शुल्क घेता येत नाही. केवायसी मूळ शाखेतच करा असा आग्रहही धरता येत नाही, त्याच बँकेची कोणतीही शाखा चालते. काउंटरवर कुणी शुल्क मागितलं तर नम्रपणे रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची आठवण करून द्या. नव्या मुलांना खरंच माहीत नसतं.

गोदातीर

माझी अडचण वेगळीच. वडिलांचं खातं आमच्या तालुक्याला स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये होतं. ती बँकच आता नाही. उद्गमवर बँकांच्या यादीत नावही दिसत नाही. मी तिथेच थांबलो.

खतावणी

गोदातीर, थांबू नका. बँक बुडाली असेल तर गोष्ट वेगळी, पण विलीन झाली असेल तर तिचं सगळं देणं नव्या बँकेच्या अंगावर येतं. मराठवाड्यातल्या तुमच्यासारख्या अनेकांची स्टेट बँक ऑफ हैदराबाद 1 एप्रिल 2017 ला भारतीय स्टेट बँकेत आली. यादीत भारतीय स्टेट बँक निवडा.

जुन्या पासबुकांवर हमखास दिसणारी नावं एकदाच लिहून ठेवतो. बँक ऑफ कराड 1994 मध्ये बँक ऑफ इंडियाकडे गेली. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न 2006 मध्ये आयडीबीआयकडे. सांगली बँक 2007 मध्ये आयसीआयसीआयकडे. देना आणि विजया 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात. 1 एप्रिल 2020 ला सिंडिकेट गेली कॅनरात, कॉर्पोरेशन आणि आंध्रा युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड बँक ऑफ इंडिया पंजाब नॅशनलमध्ये. कोल्हापूर-सांगलीकडच्यांनी लक्षात ठेवा, रत्नाकर बँक विलीन झालेली नाही, तिचंच नाव आता आरबीएल आहे.

उद्गमची एक मर्यादाही सांगतो. 4 मार्च 2024 ला त्यावर 30 बँका होत्या, आणि रकमेच्या हिशेबाने निधीतल्या ठेवींपैकी सुमारे 90 टक्के त्यांत येतात. पण आपल्या महाराष्ट्रात नागरी सहकारी बँकांचं जाळं मोठं. त्यांचेही पैसे याच निधीत जातात, तरी पोर्टलवर त्या सापडतीलच असं नाही. अशा बँकेच्या संकेतस्थळावर बेवारस ठेवींची यादी असते, नाव आणि पत्त्यासह. संकेतस्थळ नसेल तर यादी शाखेत उपलब्ध ठेवायची असते. जाऊन मागा. पतसंस्था मात्र यात येत नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच नाहीत, तिथे थेट संस्थेकडेच जावं लागेल.

अबोली

खूप दिवसांनी लिहितेय, पण हा विषय माझ्या जिव्हारी लागलेला आहे.

आईचं बचत खातं. शिल्लक 41 हजारांच्या घरात. नॉमिनी लावलेला नव्हता. आई गेल्यावर आम्ही 3 भावंडं बँकेत गेलो. पहिल्या खेपेला सांगितलं, मृत्यूचा दाखला आणा. आणला. दुसऱ्या खेपेला, तिघांची संमतीपत्रं आणा. आणली. तिसऱ्या खेपेला म्हणाले, कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणा आणि बाहेरचे 2 जामीनदार आणा. 41 हजारांसाठी वकील करायचा? धाकटा भाऊ रजा टाकून पुण्याहून यायचा प्रत्येक वेळी. शेवटी त्याने सांगितलं, ताई, आईने ते पैसे आपल्यासाठी ठेवले होते, त्यासाठी आपसात चिडचिड नको. आम्ही सोडून दिलं. 7 वर्षं झाली.

आईने शिवणकाम करून जमवलेले पैसे होते ते. दर महिन्याला काहीतरी भरायची, कधी 200, कधी 350. पासबुकात त्या सगळ्या नोंदी आहेत. मी ते अजून जपून ठेवलंय.

दिवाणी

अबोली ताई, ते पासबुक घेऊन पुन्हा जा. आता चित्र बदललंय.

मी दिवाणी न्यायालयात वकिली करते, वारसांची प्रकरणं रोज पाहते. मृत खातेदारांच्या दाव्यांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये सगळ्या बँकांना एकसारखे निर्देश दिले. अंमलबजावणीसाठी 31 मार्च 2026 ही शेवटची तारीख. त्यात तुमच्या प्रकरणाशी थेट संबंध असलेल्या गोष्टी अशा:

नॉमिनी नसेल आणि रक्कम 15 लाखांच्या आत असेल (सहकारी बँकेत 5 लाख), तर सोपी पद्धत. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, दावेदाराची ओळखपत्रं, नुकसानभरपाईचं बंधपत्र, जे वारस हक्क सोडताहेत त्यांची संमती, आणि वारस कोण याबद्दल वारस दाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थ माणसाचं प्रतिज्ञापत्र. या मर्यादेत बँकेने कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागायचं नाही. बाहेरचा जामीनदारही मागायचा नाही. नॉमिनी असेल किंवा खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशा प्रकारचं असेल, तर रक्कम कितीही असो, बंधपत्रही लागत नाही.

कागद पूर्ण दिल्यापासून 15 दिवसांत निकाल लावायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर रिझर्व्ह बँक ठरवते त्या 'बँक दरा'पेक्षा 4 टक्के जास्त व्याज द्यावं लागतं.

तोंडी बोलू नका. अर्ज 2 प्रतींत न्या, एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. "हे आणा, ते आणा" म्हणाले तर लेखी द्या म्हणावं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन तक्रार करा. त्यालाही फी नाही.

आणि भिंगरी, तुमच्या काकूंसाठी एक. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनीच्या हाती पैसे देऊन बँक मोकळी होते, पण ते पैसे कायदेशीर वारसांचे असतात. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. आत्याच्या खात्याला नॉमिनी काकू असतील तर आत्याच्या वारसांशी आधीच बोलून घ्या. नंतर कटुता येते, आणि ती माझ्या टेबलावर येऊन पोचते.

अबोली

दिवाणी, डोळ्यांत पाणी आलं वाचून. सोमवारी जाते. भावाला आत्ताच फोन केला, तो म्हणाला मी पण येतो.

हिरवीपेन्सिल

बँकेचं झालं, आता शेअरबद्दल कुणीतरी लिहायला हवंच. आमच्या आजोबांना कागदी शेअर घ्यायची आवड होती. कपाटात 'टेल्को', 'टिस्को', 'हिंदुस्तान लिव्हर' असे जाड कागदाचे दाखले निघाले. वहिनी टाकून देणार होती, कारण त्या नावाची कंपनी आता ऐकू येत नाही. अहो, टेल्को म्हणजे टाटा मोटर्स, टिस्को म्हणजे टाटा स्टील, आणि लिव्हरचं 2007 पासून हिंदुस्तान युनिलिव्हर झालंय.

लाभांश 7 वर्षं कुणी घेतला नाही की कंपनी तो केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये टाकते. सलग 7 वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअरसुद्धा तिथेच जातात. कंपनी कायदा 2013 चं कलम 124. हे सांभाळणारं प्राधिकरण सप्टेंबर 2016 पासून आहे. त्यांच्या संकेतस्थळावर नाव किंवा फोलिओ क्रमांकाने (म्हणजे भागधारकाच्या खात्याच्या क्रमांकाने) शोधता येतं.

इथे रस्ता बँकेपेक्षा लांब आहे, आधीच मनाची तयारी ठेवा. आमच्या आजोबांच्या बाबतीत क्रम असा होता: आधी कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला, पत्र लिहून किती शेअर, किती लाभांश ते कळवून घेतलं. आजोबा हयात नसल्याने वारसा हक्काचे कागद त्यांच्याकडे दिले. त्यांच्याकडून हक्काचं पत्र आलं. वडिलांच्या नावाने डीमॅट खातं उघडलं, कारण शेअर परत मिळतात ते डीमॅटमध्येच. मग आयईपीएफ-5 हा अर्ज ऑनलाइन भरला आणि छापील प्रत, बंधपत्र, मूळ दाखले असा सगळा गठ्ठा कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवला. कंपनी पडताळणी करून प्राधिकरणाला कळवते, मग शेअर येतात. एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच दावा करता येतो, म्हणून लाभांश आणि शेअर एकाच अर्जात मागा, काही सुटलं तर वर्ष वाया जातं.

आम्हाला 14 महिने लागले. सही जुळत नाही म्हणून एकदा परत आलं, आजोबांच्या नावात एका कागदावर मधलं नाव नव्हतं म्हणून दुसऱ्यांदा. रानजाई म्हणतेय तेच: नाव कुठे कसं लिहिलंय यावर सगळा खेळ आहे. आमचे आजोबा लक्ष्मण. इंग्रजीत लिहिताना 'क्ष'साठी एका दाखल्यावर एक्स, दुसऱ्यावर के-एस-एच. दोन्ही व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं.

म्युच्युअल फंडांचे विसरलेले फोलिओ शोधायला फेब्रुवारी 2025 पासून 'मित्र' नावाची सोय आहे. बहिणीला तिथे एक जुना फोलिओ मिळाला.

पाळीतला

सगळ्यांचं वाचतोय. मी पीएफवर लिहितो, कारण आमच्या चाळीतल्या बहुतेकांचं तेच आहे.

वडील गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर पुन्हा लागले, नंतर गिरणी बंदच झाली. पीएफचे काही पैसे मिळाले, काही राहिले. कंपनी बंद असेल तर अर्जावर सही कोण करणार, म्हणून लोक मागे फिरतात. पीएफ कार्यालयात विचारा, बंद कारखान्याच्या बाबतीत बँक व्यवस्थापक, राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर अशांची साक्षांकित सही चालते. सभासद वारला असेल तर पीएफसाठी फॉर्म 20, विधवेच्या पेन्शनसाठी फॉर्म 10 डी. हे 2 वेगळे हक्क आहेत. आमच्या शेजारच्या काकूंनी पीएफ घेतला आणि पेन्शनचं त्यांना कुणी सांगितलंच नाही. पुढे किती वर्षांनी कळलं.

जुनी पगाराची चिठ्ठी, गिरणीचा बिल्ला, काहीही ठेवा. चिठ्ठीवर पीएफ क्रमांक असतो. आम्ही वडिलांच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणाच्या आत कोरलेला नंबर वाचून फॉर्म भरला. डबे बदलू नयेत म्हणून वडिलांनी तिकीट नंबर आणि पीएफ नंबर दोन्ही कोरून घेतले होते.

दूरदेशी

मी परदेशात आहे, आईवडील दोघंही नाहीत. प्रत्यक्ष न येता हे होतं का?

दिवाणी

दूरदेशी, शोध तर तिथूनही करून घेता येईल, भारतातल्या नातेवाइकाने स्वतःच्या मोबाइलवरून केला तरी चालतो. दाव्यासाठी भाऊबहीण किंवा विश्वासू माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करा आणि ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवा. त्यात बँकेचं नाव आणि 'मृताच्या ठेवीचा दावा करणे' हे शब्द स्पष्ट घाला. मोघम लिहिलेलं कुलमुखत्यारपत्र हटकून परत येतं.

सोनचाफा

एक सावधगिरीची सूचना, कृपया सगळ्यांनी वाचा. माझ्या मावशीला फोन आला: "तुमच्या मिस्टरांच्या नावावर रिझर्व्ह बँकेत 8 लाख पडून आहेत, प्रक्रिया शुल्क 4,500 भरा." मावशीने नशिबाने आधी मला विचारलं. रिझर्व्ह बँक कुणालाही असा फोन करत नाही. पोर्टल कधीही पैसे मागत नाही, आणि शोधल्यावर तिथे रक्कम दिसतच नाही, हे रानजाईने वर लिहिलंय. म्हणजे रक्कम सांगणारा माणूस खोटा, इतकं सरळ धरा. शेअरच्या बाबतीत टक्केवारीवर काम करणारे मध्यस्थ असतात. काही प्रामाणिक असतीलही, पण कोऱ्या कागदावर सही आणि मूळ दाखले त्यांच्या हाती देऊ नका.

खतावणी

सोनचाफा, योग्य वेळी लिहिलंत.

विम्याचं राहिलं, तेवढं सांगून थांबतो. पॉलिसीची रक्कम 10 वर्षं कुणी मागितली नाही तर ती ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तिथे गेल्यावरही 25 वर्षं मागता येते, त्यानंतर मात्र ती खरोखर केंद्र सरकारची होते. इथे मुदतीचं बंधन आहे, म्हणून जुन्या पॉलिसी आधी बघा. विमा कंपन्यांच्या संकेतस्थळावर पॉलिसी क्रमांक, नाव, जन्मतारीख घालून शोधता येतं.

आणि आत्ताच जा असं मी का म्हणतो तेही सांगतो. 1 ऑक्टोबर 2025 ते 30 सप्टेंबर 2026 या वर्षात जुनी खाती चालू करून मालकाला पैसे दिले तर रिझर्व्ह बँक त्या बँकेला प्रोत्साहनपर रक्कम देते. म्हणजे या काळात शाखाधिकाऱ्यालाही तुमचं काम व्हावंसं वाटतंय. केंद्र सरकारनेही ऑक्टोबर 2025 मध्ये 'आपकी पूंजी, आपका अधिकार' ही मोहीम काढून जिल्ह्याजिल्ह्यात शिबिरं घेतली. मी आमच्या इथल्या शिबिराला मदत म्हणून गेलो होतो. एक बाई रेशनकार्डात गुंडाळलेलं पासबुक घेऊन 2 तास रांगेत उभ्या होत्या, आणि पुढे येऊन पहिलं वाक्य म्हणाल्या, "साहेब, हे चालणार नसेल तर राहू द्या." मी त्यांना खुर्ची दिली आणि आधी हेच सांगितलं की बाई, हे तुमचे आहेत, मागायला लाजायचं नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं धागा काढताना वाटलं नव्हतं. आमचं उरलेलं सांगते.

पावत्या सासरे आणि सासूबाई दोघांच्या नावावर होत्या आणि वर 'हयात असेल तो' असं होतं, त्यामुळे दिवाणी म्हणतात तसं बंधपत्र वगैरे काही लागलं नाही. सासूबाईंचं आधार, पॅन, सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, मूळ पावत्या आणि अर्ज. अडचण आली सहीची. 1998 ला सासूबाईंनी मराठीत सही केली होती, नावाआधी 'सौ.' लावून. सासरे गेल्यापासून 22 वर्षं त्यांनी ते अक्षर लिहिलेलं नाही. साहेबांनी जुनं नमुना सहीचं कार्ड मुख्य कार्यालयातून मागवलं होतं. ते पिवळं पडलेलं कार्ड टेबलावर ठेवलं. वर सासऱ्यांची वळणदार सही, खाली सासूबाईंची. त्या कार्डाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "तशीच करू का, सौ. लिहून?" साहेब म्हणाले, "आजी, आता कराल तशी करा, मी इथे बघतोय ना, मी साक्षीला आहे." त्यांनी 'श्रीमती' लिहून सही केली. साहेबांनी शेजारी स्वतःची सही करून तारीख घातली.

19 व्या दिवशी खात्यात सगळे मिळून 63 हजार आणि वर काही रुपये आले. त्यांनी त्यातून पहिलं काम केलं ते छपराचं.

आता नवीन प्रश्न. काल रात्री सासूबाईंना आठवलं की लग्नाआधी त्यांच्या वडिलांनी माहेरच्या गावच्या पोस्टात त्यांच्या नावाने खातं काढलं होतं. पुस्तक नाही, फक्त गावाचं नाव आणि वर्ष आठवतंय. नाव अर्थातच माहेरचं. विवाह नोंदणी झालेली नाही. खतावणी काका, दिवाणी, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची हे दाखवायला काय न्यावं?

दिवाणी

शाळा सोडल्याचा दाखला असेल तर सोन्याहून पिवळं, त्यावर माहेरचं नाव आणि जन्मतारीख दोन्ही असतात. नसेल तर शाळेत जाऊन जुन्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. सोबत दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र.

खतावणी

आणि आधी त्या गावच्या पोस्टातच जा, रानजाई. सासूबाईंना बरोबर न्या. खेड्यातल्या शाखा डाकघराचा हिशेब वरच्या मोठ्या पोस्टाला जोडलेला असतो, तिथला पोस्टमास्तर सांगेल जुनी खतावणी कुठे आहे ते. वडिलांचं पूर्ण नाव लिहून न्या. त्या काळी अज्ञान मुलीचं खातं वडिलांच्याच नावाखाली नोंदलेलं असायचं.

रानजाई

शनिवारी निघतोय. शाळाही त्याच गावात आहे.